चिंचेखालची हजेरी

सकाळची हजेरी घेऊन झाल्यावर लिंबाजीने कागद घडी करून पिशवीत ठेवला, मुरमाची चिमूट उचलली आणि डोळ्यांच्या उंचीवरून सोडून दिली. धूळ पूर्वेकडे गेली. मग त्याने पिशवीतून दुसरी वही काढली आणि लिहिलं : वारा पश्चिमेचा, गरम, जोर मध्यम.

“साहेब, ही वही सरकारी हाय का घरची?” टोळीचा मुकादम श्रीमंत टिकावावर रेलून विचारत होता.

“घरची.”

“मंग ठीक हाय. न्हाई तर सरकार म्हणंल, माणसं मोजायला ठेवलं अन् ह्यो ढगं मोजून राहिला.”

पाट्या भरणाऱ्या बायका हसल्या. लिंबाजीही हसला. श्रीमंत मनाने वाईट माणूस नव्हता. त्याची आठ एकर जमीन दोन वर्षं कोरडी पडली होती, आणि स्वतःच्या बांधावर टिकाव मारायचा तो इथे रोजगार हमीवर मारत होता. अशा माणसाला दिवसाकाठी एखादी थट्टा लागतेच, आणि चाकूरजवळच्या त्या उघड्याबोडक्या माळावर थट्टा करायला लिंबाजीखेरीज दुसरं काही नव्हतं.

काम पाझर तलावाचं होतं. बांधाच्या पायासाठी छातीइतकी खोल, लांबलचक चर खणून झाली होती. माळावर एकच झाड होतं, जुनी, ऐसपैस चिंच. तिच्या फांद्यांना लुगड्याच्या झोळ्या बांधून बायका लेकरं निजवायच्या, आणि म्हातारी भामाबाई दिवसभर सहा झोळ्यांना आळीपाळीने झोका द्यायची. लिंबाजी सोनकांबळे इथला हजेरी सहायक. लातूर जिल्हा वेगळा झाला, नवी कचेरी आली, नव्या जागा निघाल्या, तेव्हा तो भोकरकडून इकडे आला होता. सकाळ-दुपार त्रेचाळीस नावं पुकारायची, ‘हाय’ ऐकायचं आणि खूण करायची, हे त्याचं काम.

बाकी वेळ तो आभाळ बघायचा. उन्हाळ्यातली वादळं कुठे उगवतात, कशी वाढतात, कुठे जाऊन फुटतात, ह्याच्या पाच वर्षांच्या वह्या त्याच्याकडे होत्या. ढगांना त्याने स्वतःची नावं दिली होती. दुपारी वर चढू लागतो तो कोबी. कोबीचा माथा चपटा होऊन एका बाजूला पसरला की ती ऐरण. ऐरण दिसली की तासा-दोन तासांत कुणाच्या तरी डोक्यावर घण बसणार. रोज सकाळी तो रेडिओवर ‘तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस’ ऐकायचा. हे तुरळक ठिकाण नेमकं कोणत्या तालुक्यात येतं, हे त्याला पाच वर्षांत कळलं नव्हतं. म्हणून तो स्वतःच शोधत होता.

लोकांना वाटायचं, साहेबाला नाद आहे. नाद कसला, भीती होती. लिंबाजी पायाळू होता.

आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले, एवढाच त्याचा गुन्हा. पण पायाळूच्या अंगावर वीज येते, हे त्याच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आभाळ आलं की आई, धुरपताबाई, त्याला कणगीमागे कोंबायची, वर घोंगडं टाकायची आणि घरातला विळा-कोयता लांब फेकून द्यायची. घोंगड्याखाली त्याला काही दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. तिथे त्याला मोजायची सवय लागली. लख्ख झालं की एक, दोन, तीन. आवाज जितका उशिरा, तितकं मरण लांब.

नऊ वर्षांचा असताना वादळाने त्याला खळ्यावर गाठलं. तिथल्या छपराखाली पंधरा माणसं शिरली. लिंबाजी शिरायला गेला, तर बखोटीला धरून बाहेर काढलं. “लांब हो. तुझ्यापायी आमी मरू का?” तो उघड्या वावरात एकटा उभा राहिला. बाप, ग्यानोबा, गावातून धावत आला आणि त्याच्याशेजारी भिजत उभा राहिला. बापाने छप्पन साली दीक्षा घेतली होती, घरातले देव नदीत सोडले होते. तो म्हणाला, “लांब हुबं राहायचं आपण सोडून दिलं, लिंब्या. कुणी लांब हो म्हणलं, की एक पाऊल जवळ टाकायचं.” पण त्या दिवशी बापाने त्याला छपराखाली नेलं नाही. बापालाही भीती वाटली असावी, विजेची की त्या पंधरा माणसांची, हे लिंबाजीला कधी कळलं नाही.

गंमत म्हणजे हीच माणसं थंडीत कंबरेत उसण भरली की त्याच्या दारात यायची. पायाळूची लाथ बसली की उसण उतरते म्हणे. पावसाळ्यात ज्याला हाकललं त्याच्यापुढे हिवाळ्यात पाठ वाकवून उभी राहायची आणि “जोरात मार रं बाबा” म्हणायची.

नव्या जिल्ह्यात हे कुणालाच माहीत नव्हतं. बायको तारामतीला तेवढं ठाऊक, आणि तिने ते पोटात ठेवलं होतं. इथे आभाळ आलं तरी लिंबाजी चारचौघांत चारचौघांसारखा उभा राहायचा. आतून तो आकडे मोजत असायचा, पण “लांब हो” म्हणणारं कुणी नव्हतं. हे सुख त्याला चौतिसाव्या वर्षी मिळालं होतं आणि ते तो जिवापाड जपत होता. त्यासाठी वह्या होत्या. आभाळ आधी कळलं, तर माणसं आधी घरी पाठवता येतात, आणि मग कुणी कुणाजवळ उभं राहायचा प्रश्नच येत नाही.

मात्र आठ दिवसांपूर्वी त्याची फसगत झाली होती. पश्चिमेला ऐरण दिसली म्हणून त्याने दोन वाजताच काम थांबवलं आणि सगळ्यांना गावाकडे पिटाळलं. ऐरण सरकत सरकत अहमदपूरकडे गेली. इथे टिपूस पडला नाही. खोदाई कमी भरली, मजुरी कमी बसली, आणि तेव्हापासून श्रीमंतच्या तोंडी एकच विषय होता.

त्या दिवशीही दुपारी भाकरी खाताना त्याने तो काढलाच. “साहेब, ते बगा, आभाळ आलं. पुन्हा अहमदपूरला धाडायचं का?”

नैर्ऋत्येला खरंच एक कोबी चढत होता. मघाशी मुठीएवढा होता, आता टोपल्याएवढा झाला होता. लिंबाजीने भाकरी खाली ठेवली.

“ह्यो कुठं जाईल, साहेब?” पंचफुलाने विचारलं. पंचफुलाला चौकशा फार. तिचं चार महिन्यांचं पोर चिंचेच्या झोळीत होतं, आणि वारा, ढग, पाऊस ह्यांबद्दल लिंबाजीला मनापासून विचारणारी टोळीत ती एकटीच होती.

“अजून सांगता येत न्हाई. पण चमकलं की मोजायचं. आवाज येईस्तोवर जितके आकडे होतील, त्याला तीनानं भागायचं. तितके किलोमीटर.”

“अन् भाग गेलाच न्हाई तर?”

“तर पळायचं.”

ती हसली. तो हसला नाही.

अडीच वाजता कोबीचा माथा चपटा झाला. तीन वाजता ऐरण निम्म्या आभाळावर आली होती आणि तिचं बूड काळंनिळं झालं होतं. पहिली वीज दिसली तेव्हा लिंबाजीने सत्तावीस मोजले. नऊ किलोमीटर. त्याने श्रीमंतला बाजूला घेतलं.

“मुकादम, काम थांबवा. ही चुकणार न्हाई.”

“मागल्या टायमाला बी हेच म्हणलात. साहेब, लेकरंबाळं हायत आमाला. मापाला माती कमी पडली तर तुमी देणार का?”

“हात जोडतो.”

“पाचाला सोडू,” श्रीमंत म्हणाला आणि टिकाव उचलून चालू लागला.

पुढची वीज एकोणीसला आली. मग पंधराला. मग गरम वारा अचानक पडला, पाटीतली धूळसुद्धा हलेना, आणि लिंबाजीच्या पाठीवरून घामाची धार खाली गेली. ही शांतता त्याच्या वह्यांत अकरा ठिकाणी लिहिलेली होती. हिच्यानंतर थंड वारं येतं. ते आलं. धुळीचा लोट माळावरून धावत आला, पाट्या उडाल्या, आणि मोठमोठे थेंब मुरमावर फाटफाट पडू लागले.

सगळी माणसं चिंचेकडे पळाली. दुसरीकडे कशाला पळतील? लेकरं तिथे होती. बघता बघता त्रेचाळीस माणसं आणि सहा झोळ्या बुंध्याभोवती दाटल्या. लिंबाजी बाहेर, पावसात उभा राहून ओरडू लागला.

“झाडाखालून निघा. उंच झाडावर ईज येती. चरीत जाऊन बसा, समदे.”

“चरीत पाणी शिरंल,” भामाबाई म्हणाली. “लेकरं भिजतील, बाबा.”

“भिजू द्या, मावशी. भिजल्यानं मरत न्हाईत.”

“साहेब, तुमीच आत या,” श्रीमंत म्हणाला. त्याने सरकून एका माणसापुरती जागासुद्धा केली. “कामून भिजून राहिलात? वादळं बगून बगून तुमच्या डोक्यात वारं शिरलं. ह्या चिंचेखाली माझा आजा बसला, बाप बसला.”

त्या रिकाम्या जागेकडे लिंबाजी बघत राहिला. नऊ वर्षांचा असल्यापासून त्याला तेवढीच जागा हवी होती. आभाळ पांढरंफटक झालं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. आवाज पायांतून वर आला.

त्याची पाचावर धारण बसली होती. चरीत उडी मारून डोकं झाकून बसावं, असं शरीर ओरडून सांगत होतं. त्याने किती वाचलं होतं, किती मोजलं होतं, वीज उंच वस्तूवर येते, तिला कुणाच्या जन्माशी घेणंदेणं नसतं, हे त्याला पाठ होतं. आणि तरीही आत कुठेतरी, कणगीमागे, त्याला वाटत होतं की ती आपल्यालाच शोधत आली आहे. पायाळूचं ते खोटं असेल तर झाड वाईट. खरं असेल तर आपण वाईट. दोन्हीकडून ह्या माणसांचं तिथे उभं राहणं वाईटच होतं.

तो चिंचेखाली गेला. श्रीमंतने केलेल्या जागेतून आत शिरला आणि बुंध्याला पाठ लावून उभा राहिला.

“आता कसं,” श्रीमंत म्हणाला.

“मी पायाळू हाय,” लिंबाजी म्हणाला.

पावसाचा आवाज होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. भामाबाईचा झोक्यावरचा हात थांबला.

“काय म्हणलात?”

“पायाळू. आईची शपथ. भोकरकडं कुणाला बी इचारा. लहानपणी मला ह्याच्यापायीच समदे हाकलून देत होते.”

श्रीमंतचा चेहरा उतरला. “मंग हितं कामून आलात? लेकरं हायत हितं. लांब व्हा, साहेब.”

“मी न्हाई हालत.”

“साहेब, लांब व्हा म्हणतो ना.”

“न्हाई. तुमाला हालायचं तर हाला. चर मोकळी हाय.”

आधी वीरभद्र नावाचा तगडा गडी पळाला, मग नागुबाई, मग सगळेच. बायकांनी झोळ्या सोडल्या, लेकरं छातीशी धरली आणि पावसातून चरीकडे धाव घेतली. जाताना कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. पाठीमागे साप असावा तशी ती माणसं पळत होती, आणि लिंबाजी बुंध्याला टेकून “खाली बसा, हुबं राहू नगा” असं ओरडत होता.

एक झोळी राहिली. पंचफुला तिच्याशी झटत होती. लुगड्याची गाठ भिजून आवळली होती आणि पोर आत रडून लाल झालं होतं. लिंबाजी पुढे झाला. ती दचकून मागे सरली, मग पुन्हा पुढे आली. त्याने गाठीला दात लावले. लख्ख झालं. एक, दोन, तीन, चार. गाठ सुटली. पोर तिच्या हातात पडलं.

“साहेब, तुमी बी चला ना.”

“तुमी व्हा म्होरं. मी आलोच.”

ती गेली. त्याला जायचं होतं, पण पाय उचलेनात. पाठ बुंध्याला चिकटल्यासारखी झाली होती. आता बाप नव्हता, कणगी नव्हती, घोंगडं नव्हतं, आणि चरीतून त्याला हाक मारणारं कुणी नव्हतं. त्याने मोठ्याने मोजायला सुरुवात केली, वीज नसतानाच, आणि दहाला पळायचं असं स्वतःला बजावलं. सातलाच पळाला. चाळीसेक पावलं गेला असेल, पाय मुरमात घसरला आणि तो तोंडावर आपटला.

ह्या वेळी मोजायला काही उरलंच नाही. उजेड आणि आवाज एकदमच आले.

कान वाजायचे थांबले तेव्हा जळक्या लाकडाचा वास येत होता. चिंच वरपासून खालपर्यंत उभी फाटली होती आणि जिथे मघाशी श्रीमंतने त्याच्यासाठी जागा केली होती, तिथे साल सोलून पांढरं लाकूड वाफाळत होतं. लिंबाजी गुडघ्यांवर उठला. पिशवीतला हजेरीचा कागद भिजून लगदा झाला होता. कागदाची गरज नव्हती. चरीच्या दिशेने तोंड करून तो नावं पुकारू लागला.

“श्रीमंत.”

“हाय.”

“वीरभद्र.”

“हाय.”

“नागुबाई.”

“हाय.”

त्याने एकही नाव गाळलं नाही. प्रत्येक ‘हाय’ला त्याच्या छातीवरचा एकेक दगड उतरत होता. भामाबाईचा ‘हाय’ दुसऱ्या हाकेला आला, कारण ती रडत होती. शेवटचं नाव त्याने तीनदा पुकारलं.

“हाय, साहेब,” पंचफुला म्हणाली. “आमी दोघं बी हाव.”

तेव्हा तो चिखलात बसून ढसाढसा रडला.

पाऊस उघडल्यावर सगळे चिंचेभोवती जमले, पण वर्तुळ मोठं ठेवून. लिंबाजी सांगायला लागला की माळावर हेच एक उंच होतं, म्हणून वीज इथे आली. श्रीमंतने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“साहेब, शंभर वर्सं झाली ह्या झाडाला. आजवर कामून न्हाई पडली?”

“कधी तरी पडणारच होती,” लिंबाजी म्हणाला, पण ते कुणाला पटलं नाही.

“अन् तुमी हुबं राहिलात, तवाच पडली,” श्रीमंत हळू आवाजात म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “तुमी आधी सांगितलं, हे उपकारच झाले. दुसऱ्यानं लपवलं असतं.”

चाकूरच्या बाजारात ही गोष्ट दोन दिवसांत पसरली. तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीमंत आपल्या म्हाताऱ्या बापाला बैलगाडीत घालून कामावर घेऊन आला. म्हाताऱ्याच्या कंबरेत उसण भरली होती. लिंबाजीने चप्पल काढली आणि सांगितल्या ठिकाणी हलकेच लाथ मारली. म्हातारा म्हणाला, “बरं वाटून राहिलं.” तारामतीला हे सांगितलं तेव्हा ती स्वयंपाक करत होती. तिने तवा खाली उतरवला. मग म्हणाली, “बदली मागता का?” तो म्हणाला, “कुठं?”

आठवड्याने पुन्हा आभाळ आलं. ऊन असेपर्यंत सगळं पूर्वीसारखंच होतं. हजेरी झाली, भाकरी झाली, थट्टासुद्धा झाली. मग ऐरण पसरली, आणि ह्या वेळी कुणाला काही सांगावं लागलं नाही. श्रीमंतने स्वतःच टिकाव खाली ठेवला आणि बायकांना चरीकडे धाडलं. लेकरंही चरीतच नेली. मग तो लिंबाजीकडे आला आणि दहा पावलांवर थांबला.

“साहेब, राग नगा मानू.”

“बोला, मुकादम.”

“आमी चरीत बसून राहिलो. तुमी जरा...” त्याने माळाच्या दुसऱ्या टोकाच्या जुन्या मुरमाच्या खड्ड्याकडे हात केला. “जरा लांब.”

लिंबाजीला बाप आठवला. एक पाऊल जवळ टाकायचं. त्याने चरीकडे बघितलं. काठावरून ओळीने डोकी दिसत होती, आणि सगळे डोळे त्याच्या पायांकडे होते. त्याने एक पाऊल जवळ टाकलं असतं, तर ती सगळी माणसं लेकरं घेऊन उघड्यावर पळाली असती. चरीइतकी चांगली जागा त्या माळावर दुसरी नव्हती.

“बरं,” तो म्हणाला आणि वळला.

दोनशे पावलं चालायला त्याला फार वेळ लागला. त्याला भीती वाटत होती, नऊ वर्षांच्या पोराला वाटली होती तितकीच. खड्ड्यात उतरून त्याने पाय जुळवले, उकिडवा बसला आणि गुडघ्यावर वही उघडली. वारा पडला, असं लिहिलं. पहिले थेंब आले तेव्हा त्याला पावलं ऐकू आली.

पंचफुला चरीतून निघून येत होती. निम्म्या वाटेवर ती थांबली. डोक्यावरची पोत्याची खोळ तिने काढली, जमिनीवर ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक दगड ठेवला, आणि त्याच्याकडे एकदा बघून पळत माघारी गेली.

लिंबाजी जाऊन खोळ घेऊन आला. ती आतून अजून कोरडी होती. त्याने ती डोक्यावर ओढली आणि पुन्हा बसला. आभाळ लख्ख झालं, आणि पलीकडे चरीतून बायकांचे, गड्यांचे, म्हाताऱ्या भामाबाईचे आवाज एका सुरात उठले. एक, दोन, तीन, चार. लिंबाजीने पेन्सिल खाली ठेवली आणि पाचपासून तोही त्यांच्याबरोबर मोजू लागला.